विलंबाने वाढणारे मूल आणि घराची जबाबदारी
सूरह अल-बकरा, आयत २३३ च्या प्रकाशात

दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकरामधील २३३वी आयत आपल्या घरांमध्ये दूध पाजण्याची आयत म्हणून परिचित आहे. मातांनी अपत्यांना पूर्ण दोन वर्षे स्तनपान करावे, या मार्गदर्शनाने तिचा आरंभ होतो आणि बहुतेक वाचक तेथेच थांबतात. वस्तुतः त्यानंतरचा भाग फार विस्तृत आहे. मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी रूढ चांगल्या रीतीप्रमाणे पित्यावर टाकली आहे. कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकला जात नाही, हे सांगितले आहे. अपत्यापायी मातेचे नुकसान केले जाऊ नये आणि पित्याचेही नाही, असे बजावले आहे. वारसावरही तशीच जबाबदारी असल्याचे म्हटले आहे. दोन वर्षांच्या आत दूध तोडायचे झाल्यास उभयतांची राजीखुशी आणि आपसांतील सल्लामसलत हवी. मुलाला दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजवायचे असेल तर तेही चालेल, मात्र तिचा ठरलेला मोबदला रीतसर दिला पाहिजे.

ही आयत ज्या ठिकाणी आली आहे तेही पाहण्यासारखे आहे. मागे-पुढे तलाक आणि इद्दत यांचे नियम आहेत. ज्या पती-पत्नींचे पटत नाही, जे विभक्त झाले आहेत किंवा होत आहेत, त्यांनाही अल्लाह सांगतो की, मुलाच्या बाबतीत एकमेकांशी बोला, एकमेकांना राजी करा, मुलाला एकमेकांविरुद्धचे हत्यार बनवू नका. विभक्त दांपत्याला हा आदेश असेल, तर एका छताखाली नांदणाऱ्या दांपत्यावर तो किती अधिक बंधनकारक ठरतो, हे वेगळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखात या आयतीचा विचार एका विशिष्ट प्रश्नाच्या संदर्भात करावयाचा आहे. ज्या बालकाची वाढ वयाच्या मानाने मागे पडली आहे, जे दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, किंवा ज्याचे पाऊल अजून स्थिरावलेले नाही, त्याच्या घराने काय करावे? आयतीचे शब्द स्तनपानाविषयी आहेत, थेरपीविषयी नाहीत, हे मान्य. परंतु जे मूल स्वतःसाठी काहीच करू शकत नाही त्याच्या पोषणाचा भार कोणी, किती आणि कशा रीतीने उचलायचा, हे तत्त्व तिच्यात इतक्या स्पष्टपणे मांडले आहे की, त्याचा विस्तार या प्रश्नापर्यंत करणे अनाठायी ठरणार नाही.

प्रथम परिस्थिती समजून घेऊ. मीरा-भाईंदर हे शहर अलीकडचे आहे. येथे महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेलेली होती. मीरा रोडचा नया नगर परिसर मुंबईतून आणि कोकणातून आलेल्या मुस्लिम कुटुंबांनी गजबजला आहे. येथील कोणतेही सर्वसाधारण घर डोळ्यांसमोर आणावे. पिता पहाटेच्या लोकलने चर्चगेटच्या दिशेने जातो आणि रात्री परततो, किंवा आखातात असतो. आजी खेडला, म्हसळ्याला वा श्रीवर्धनला गावच्या घरी असते. सदनिका लहान, दार बंद, शेजार बदलता. माता आणि बालक दिवसभर चार भिंतींत असतात आणि स्वयंपाक उरकण्यासाठी बालकाच्या हातात मोबाइल दिला जातो. पूर्वी वाड्यात दहा डोळ्यांना जे सहा महिन्यांत दिसले असते, ते या घरात दोन-अडीच वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. यात मातेचा दोष नाही. घराचा आकारच तसा झाला आहे.

आणि लक्षात आले तरी पहिले उत्तर ठरलेले असते. मुलगे उशिराच बोलतात. याचे अब्बाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. थांबा, अल्लाह सर्व ठीक करील. अल्लाह सर्व ठीक करू शकतो, यात शंका नाही. मात्र ‘थांबा’ हा सल्ला अल्लाहने दिलेला नाही, तो आपण दिलेला असतो. अल्लाहच्या प्रेषितांना (स.) काही ग्रामीण अरबांनी विचारले होते की, आम्ही औषधोपचार करावा काय? त्यांनी उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्य वगळता अल्लाहने प्रत्येक व्याधीबरोबर तिचा इलाजही ठेवला आहे, असे स्पष्ट केले. ह. उसामा बिन शरीक (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदविली आहे.

थांबण्यात जो काळ जातो तो सर्वांत मोलाचा असतो. मेंदूची जडणघडण आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत अत्यंत वेगाने होते, आणि त्या काळात दिलेला सराव ज्या सहजतेने रुजतो तितका पुढे रुजत नाही. बालरोगतज्ज्ञ काही ढोबळ खुणा सांगतात. एक वर्षाचे मूल बोट दाखवून वस्तू मागत नसेल, बडबड करीत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल. अठरा महिन्यांपर्यंत चालत नसेल. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. आणि आलेले शब्द नाहीसे होऊ लागले असतील तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. या खुणा म्हणजे निदान नव्हे. पुष्कळ मुले तपासणीअंती निरोगी ठरतात, आणि तसे ठरले तर शुक्र अदा करावा. एक दिवस गेला, इतकेच.

बोलण्यात विलंब असेल तर सर्वप्रथम कानांची तपासणी व्हावी, याकडे अनेक घरांचे दुर्लक्ष होते. दार वाजले की मूल वळते, म्हणून त्याला ऐकू येते, असे घरचे गृहीत धरतात. मोठे आवाज ऐकू येऊनही बोलण्यातील बारीक ध्वनी ऐकू न येणे सहज संभवते. मूल झोपलेले असताना करावयाची बेरा नावाची चाचणी हे सांगू शकते. ज्या कुटुंबांत नात्यातील विवाह पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत, तेथे जन्मजात बहिरेपणाचा संभव अधिक असतो, म्हणून त्यांनी तर विलंब करूच नये. सूरह अन-नहलच्या ७८व्या आयतीत अल्लाह स्मरण करून देतो की, मातेच्या उदरातून तुम्ही काहीही न जाणता बाहेर आलात, आणि त्याने तुम्हाला कान, डोळे आणि अंतःकरण दिले. तेथे श्रवणाचा उल्लेख आधी आला आहे. भाषा कानातून जिभेवर येते, हे वाचा-उपचाराचे शास्त्रही सांगते.

आता आयतीच्या त्या वाक्याकडे येऊ, जेथे अपत्यापायी मातेचे नुकसान होऊ नये असे म्हटले आहे. भाष्यकारांनी याचा अर्थ मुख्यतः असा सांगितला आहे की, मातेची इच्छा असताना तिच्याकडून मूल हिरावून घेऊ नये आणि तिच्यावर जबरदस्तीही करू नये. पण नुकसान केवळ एवढेच नसते. मूल मागे पडले की घरात प्रश्न सुरू होतात. गरोदरपणात काय खाल्लेस? ग्रहणात बाहेर का गेलीस? तुझ्या माहेरी असे कोणी आहे का? कोणाची नजर लागली? ज्या स्त्रीने नऊ महिने मूल वाहिले, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते आणि हे करणारे बहुधा नमाजी, दीनदार लोकच असतात.

ग्रहणाची गोष्ट निघाली म्हणून सांगावेसे वाटते. प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम यांचा तान्हेपणीच मृत्यू झाला. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या निधनामुळेच हे घडले. दुःखात बुडालेल्या पित्याला ही समजूत सुखावणारी वाटू शकली असती. परंतु प्रेषितांनी (स.) ती तत्काळ खोडून काढली. सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी सांगितले. बुखारी आणि मुस्लिम दोहोंत ही घटना आहे. पुत्राच्या दफनाच्या दिवशी ज्यांनी हे सांगितले, त्यांच्या उम्मतीतील सासूने सुनेला ग्रहणाचा जाब विचारावा, हे कोणत्या सुन्नतीत बसते?

नजरेविषयी मात्र विवेक राखला पाहिजे. नजर लागणे सत्य असल्याचे हदीसमध्ये आहे आणि प्रेषित (स.) आपले नातू हसन आणि हुसैन (रजि.) यांच्यासाठी अल्लाहचा आश्रय मागणारे शब्द उच्चारीत, हेही बुखारीत आले आहे. मातेने रात्री मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सूरह अल-फलक आणि सूरह अन-नास पठण करणे ही सुन्नतीशी जुळणारी, मायेची कृती आहे. त्याउलट गळ्यात गंडे-दोरे अडकविण्याविषयी प्रेषितांनी (स.) कठोर शब्द वापरले आहेत. आणि जो कोणी बाबा हजारो रुपये घेऊन मुलावरील ‘असर’ उतरविण्याची हमी देतो, तो पैशांबरोबर त्या मुलाचे एक वर्षही घेऊन जातो.

दुआ आणि प्रयत्न यांची सांगड कशी असावी, हे ह. मूसा (अलै.) यांच्या प्रार्थनेतून उत्तम रीतीने समजते. सूरह ताहामध्ये ती आली आहे. फिरऔनकडे जाण्याचा आदेश झाला तेव्हा त्यांनी छाती मोकळी होण्याची, काम सोपे होण्याची आणि जिभेची गाठ सुटण्याची याचना केली, जेणेकरून लोकांना त्यांचे बोलणे समजावे. आपल्या माता ही दुआ बोलण्यात अडखळणाऱ्या मुलांसाठी आवर्जून करतात. पण बहुतेकजणी जेथे थांबतात, त्याच्या लगेच पुढच्या आयतींत मूसा (अलै.) आपल्या कुटुंबातून एक सहायक मागतात, आपला भाऊ हारून. सूरह अल-कससमध्ये कारणही दिले आहे की, त्याची जीभ माझ्यापेक्षा अधिक स्पष्ट आहे. म्हणजे ज्याच्या जिभेला गाठ होती, त्याने अल्लाहकडे गाठ सोडविण्याचीही याचना केली आणि घरातल्या माणसाची सोबतही मागितली. अल्लाहने दोन्ही मान्य केले. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याचा थोरला भाऊ वा बहीण त्याच्याशी रोज अर्धा तास खेळत असेल, तर त्या भावंडाला हारूनची (अलै.) ही गोष्ट अवश्य सांगावी.

थेरपी म्हणजे नेमके काय, याविषयी बऱ्याच घरांत गैरसमज असतात. आठवड्यातून दोन वेळा पाऊण तास मुलाला केंद्रात नेले, फी भरली की काम झाले, अशी कल्पना असते. मग तीन महिन्यांनी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद केले जाते. खरे पाहता थेरपिस्ट हा शिक्षकाचा शिक्षक असतो. तो पाऊण तासात मुलाबरोबर जे करतो, ते घरच्यांनी पाहून घ्यायचे आणि आठवडाभर घरी करायचे असते. आंघोळीच्या वेळी पाणी, साबण, पाय, पोट यांची नावे घेणे. केळे आणि बिस्कीट दोन्ही समोर धरून काय हवे ते विचारणे आणि मुलाने नजरेने, बोटाने वा आवाजाने उत्तर देईपर्यंत मनात पाच अंक मोजीत थांबणे. कणकेचा गोळा मळायला देणे, कपड्यांचे चिमटे लावायला देणे, जेणेकरून बोटांत बळ यावे. मूल जे पाहत आहे त्याचेच नाव उच्चारणे. हे सर्व स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात घडते. साहित्य विकत आणावे लागत नाही.

यातील अवघड भाग सातत्य हाच आहे. एकच शब्द शंभर वेळा म्हणावा लागतो आणि शंभराव्या वेळीही मूल तो म्हणत नाही. ह. आयशा (रजि.) यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिममध्ये आलेल्या हदीसचा आशय असा की, अल्लाहला सर्वांत प्रिय ते कर्म, जे नियमित केले जाते, मग ते थोडे का असेना. आपण ही हदीस तहज्जुद आणि तिलावतीच्या संदर्भात ऐकत आलो. परंतु सकाळच्या नाश्त्याला रोज दहा मिनिटे मुलासमोर बसून चमच्याने ‘अजून’ हा एक शब्द शिकविणाऱ्या पित्यालाही ती लागू होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. नियत अल्लाहसाठी असेल तर ती दहा मिनिटे इबादतीपेक्षा वेगळी मानण्याचे कारण दिसत नाही.

मोबाइलचा विषय टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालील बालकांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, असे म्हटले आहे. कार्टूनऐवजी नात लावली किंवा कुरआनचे पठण लावले म्हणून पडदा पडदाच राहतो. मुलाला उत्तर देणारा चेहरा लागतो. आखातातील पित्याने रोज ठरावीक वेळी व्हिडिओ कॉलवर मुलाशी समोरासमोर बोलणे ही गोष्ट मात्र निराळी आहे, कारण तेथे पलीकडचा माणूस मुलाच्या हुंकाराला प्रतिसाद देतो. कुवैतमधील पिता अशा रीतीने आपल्या वाट्याची दहा मिनिटे देऊ शकतो, आणि त्याने ती दिलीच पाहिजेत.

भाषेविषयीही एक शंका वारंवार विचारली जाते. आजी कोकणी बोलते, घरात उर्दू-मराठी मिश्रित चालते, इमारतीत हिंदी, शाळेत इंग्रजी. म्हणून मूल गोंधळले आणि बोलेनासे झाले, असे सांगितले जाते. अनेक भाषा कानांवर पडल्याने विकासात्मक विलंब होत नाही, असे या विषयातील संशोधकांचे सर्वसाधारण मत आहे. ज्या भाषेत माता मनापासून, अडखळल्याविना बोलते, त्याच भाषेत तिने मुलाशी बोलावे. फोनवरून आजीची कोकणी बंद करण्याची काही एक आवश्यकता नाही.

आता मोबदला देऊन दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजवून घेण्याच्या परवानगीकडे वळू. जे काम माता-पित्याला एकट्याने साधत नाही, ते जाणकार व्यक्तीकडून करवून घेण्यात कमीपणा नाही, असा अर्थ तिच्यातून निघतो. पण जाणकार कोण, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. अबू दाऊद, नसाई आणि इब्न माजा यांनी नोंदविलेल्या हदीसचा आशय असा की, ज्याला वैद्यक येत असल्याचे ज्ञात नाही आणि तरीही जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार धरला जाईल. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या नियमाचे आजचे रूप म्हणजे नोंदणी. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, जी १९९२ च्या कायद्याने चालते. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य परिषद आहे. मीरा रोडच्या प्रत्येक गल्लीत आता थेरपी सेंटरचे फलक दिसतात. फलक पाहून आत जाण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा. विचारण्यात अनादर नाही, आणि जो यावर रागावतो त्याच्याकडे न जाणेच बरे. शंभर टक्के बरे करण्याची हमी देणाऱ्याकडेही जाऊ नये. तसेच ज्याची सेवा घेतली त्याची फी थकवू नये, हे आयतीने स्पष्टच सांगितले आहे.

सरकारी सोयींची माहिती आपल्या वस्त्यांत फार कमी आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याचा प्रारंभ आपल्या शेजारच्या पालघरहूनच झाला होता. जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासात्मक विलंब या चारही गोष्टी त्यात पाहिल्या जातात. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जातात. जे मूल अंगणवाडीत न जाता खासगी प्ले-ग्रुपमध्ये जाते, ते या तपासणीतून निसटते, आणि मीरा रोडच्या मध्यमवर्गीय घरांतील मुले बहुधा अशीच निसटतात. या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येते, म्हणून ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे चौकशी करावी. वाचा आणि श्रवण यांसाठी वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. मीरा रोडहून वांद्र्याला थेट लोकल जाते. मुलांच्या विकासासाठी २००१ पासून मुंबईत काम करणारी उम्मीद ही संस्थाही अनेक कुटुंबांना ठाऊक असेल.

निदान निश्चित झाल्यावर दिव्यांगत्वाचा दाखला काढण्यास घरचे कचरतात. मुलावर शिक्का बसेल, उद्या बहिणीचे लग्न अडेल, अशी भीती असते. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत मूल मोजते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमतांना मान्यता आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. केवळ ‘विलंब’ एवढ्या नोंदीवर ते मिळत नाही, दाखला लागतो.

सल्लामसलतीचा आदेश प्रत्यक्षात कसा पाळायचा? महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. पती, पत्नी आणि शक्य असेल तर आजी-आजोबा बसतील. थेरपिस्टने काय सांगितले, कोण कोणत्या वेळी काय करणार, पैसे कोठून येणार, मातेला आठवड्यात कोणती दुपार मोकळी मिळणार, हे ठरेल. शेवटचा मुद्दा ऐच्छिक नाही. कुवतीपलीकडे भार न टाकण्याचे वचन अल्लाहने दिले आहे, आणि आपण मात्र एका स्त्रीवर थेरपी, स्वयंपाक, थोरल्याचा अभ्यास आणि पाहुणे असे सर्व टाकून तिला सब्रचा उपदेश करतो. सब्र हे स्वतःसाठी घ्यावयाचे औषध आहे. इतरांना ते पाजीत राहणे सोपे असते.

मूल घरातच ठेवावे, बाहेर नेले की लोक पाहतात, ही आणखी एक प्रवृत्ती. मदीनेत एक स्त्री होती, जिच्या बुद्धीत काही उणेपणा होता. तिने प्रेषितांना (स.) सांगितले की, मला आपल्याकडे काम आहे. त्यांनी तिला आदराने अमुकाची आई असे संबोधून सांगितले की, तू म्हणशील त्या गल्लीत मी येतो. आणि तिचे बोलणे संपेपर्यंत ते रस्त्याच्या कडेला तिच्यासोबत उभे राहिले. ह. अनस (रजि.) यांच्याकडून ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आली आहे. ज्यांच्यावर एका राज्याची धुरा होती, त्यांनी भरल्या गल्लीत, सर्वांच्या देखत तिला वेळ दिला. नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढविली आणि तान्ह्याचे रडणे कानी पडले तर मातेच्या ओढीखातर नमाज आटोपती घेतली, हेही आपण जाणतो.

आपल्या मशिदींत काय होते? मूल ओरडले, सफेतून धावले, तर मागून कोणी तरी दटावतो आणि पिता पुन्हा त्याला आणीत नाही. जुम्याच्या गर्दीत, लाउडस्पीकरच्या आवाजात अशी मुले खरोखर बेचैन होतात, म्हणून प्रारंभ तेथून करू नये. आठवड्याच्या एखाद्या दिवशी, जुहरच्या वेळी, सफा रिकाम्या असताना न्यावे. पहिल्या दिवशी केवळ वजूखान्याजवळ बसवून आणावे. इमाम साहेबांना आधी भेटून सांगून ठेवावे. बहुतेक इमाम हे समजून घेतात, अडचण मुतवल्लींपेक्षाही शेजारच्या नमाजीची असते, आणि त्याच्याशी इमामांनी एकदा खुतब्यातून बोलावे.

राहिला वारसांविषयीचा भाग. या शब्दांवरून फुकहांमध्ये मतभेद झाला आहे. हनफी मतानुसार पिता असमर्थ असेल वा हयात नसेल तर गरजू बालकाचा खर्च वारस ठरू शकणाऱ्या जवळच्या महरम नातलगांवर येतो. शाफिई मतानुसार, जे कोकणातील बहुतेक घरांत पाळले जाते, ही सक्ती पूर्वज आणि वंशज यांच्यापुरती मर्यादित आहे, म्हणजे आजोबांवर येईल, पण काकांवर कायदेशीर सक्ती नसेल. आदरणीय उमर (रजि.) यांनी एका बालकाच्या संगोपनाचा खर्च त्याच्या पितृकुलातील पुरुषांवर टाकल्याची रिवायत तफसीरमध्ये आढळते. सक्तीचा प्रश्न फुकहांचा. काकाला स्वेच्छेने देण्यापासून कोणत्याही मताने रोखलेले नाही.

रमजानमध्ये जकातविषयी जे प्रश्न येतात त्यांत हाही असतो की, भावाच्या मुलाच्या थेरपीसाठी जकात देता येईल काय? अज्ञान मुलाची ऐपत पित्याच्या ऐपतीवरून ठरते. पिता स्वतः जकातला पात्र असेल, तर काका, मामा, आत्या, मावशी यांची जकात त्याला देता येते, आणि नातलगाला दिलेल्या दानात दानाचे आणि नाते जोडण्याचे असे दुहेरी पुण्य असल्याचे तिर्मिजी आणि नसाई यांच्या हदीसमध्ये आले आहे. आजोबा-आजी मात्र नातवासाठी जकात देऊ शकत नाहीत. त्यांनी आपल्या पदरचे द्यावे. पिता जकातला पात्र नसूनही थेरपीच्या खर्चाने वाकला असेल, तर नातलगांनी जकात सोडून नफिल सदका वा भेट म्हणून द्यावे. एक व्यावहारिक सूचना अशी की, रमजानमध्ये एकरकमी पैसे दिले की ते इतर खर्चांत विरून जातात आणि थेरपी मोहर्रममध्ये बंद पडते. प्रेषितांनी (स.) आपले काका ह. अब्बास (रजि.) यांना जकात मुदतीआधी देण्याची अनुमती दिली होती आणि बहुसंख्य फुकहा ती योग्य मानतात. तेव्हा पुढील रमजानची जकात आतापासूनच दरमहा थोडी थोडी भावाच्या हाती देत राहावे, प्रत्येक रकमेची नोंद ठेवावी आणि वर्ष पूर्ण झाल्यावर एकूण देय रकमेशी ती ताडून जे कमी पडेल ते भरावे.